आर्डिस रांगेत उभी राहते

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंट या रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम उघडतो, आणि साउथ डकोटातल्या ऑस्लंड गावात त्या दिवशी लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी यांतलं काहीही कुणी ठेवत नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ नेमके त्याच आठवड्यात गुरुवारी वारले. मुलांनी पाद्रीबाबांना न विचारताच दफन सोमवारवर टाकलं, आणि पाद्रीबाबांनीही सुटकेचा श्वास सोडला, कारण त्यांची काडतुसं आणून झाली होती.

हॉफस्टॅडांच्या मक्यात दर वर्षी लपलेले पक्षी उठवत बारा जणांची रांग चालायची. रांगेचा म्होरक्या ऑरिन हॉफस्टॅड, वय सत्तर, आवाज घोगरा आणि हुकूम ठाम. त्याचा धाकटा भाऊ लव्हर्न रांगेत त्याच्या डाव्या हाताला. आणि लव्हर्नची बायको आर्डिस घरात, बारा जणांचं जेवण रांधत. असं छत्तीस वर्षं चाललेलं. शिकारीहून आलेले पक्षी सोलायचे, साफ करायचे, सायीत शिजवायचे हे सगळं तिच्याकडे. रांगेतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा तिच्या हातून जास्त फेझंट गेले होते, पण सगळे मेलेले. जिवंत फेझंट तिने पाहिला तो बसच्या काचेतून, रस्ता ओलांडताना.

बस म्हणजे शाळेची पिवळी बस. आर्डिस ती अठ्ठावीस वर्षं चालवत होती. गावातले पंचेचाळिशीच्या आतले झाडून सगळे लोक कधी ना कधी तिच्यामागे बसून शाळेत गेले होते, आणि कोण कुठल्या वळणावर ओकायचा हे तिला अजून पाठ होतं. बँकेचा मॅनेजर झालेला माणूसही तिला रस्त्यात भेटला की आपोआप ताठ उभा राहायचा.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये लव्हर्नचा गुडघा बदलला. नांगरलेल्या रानात नाताळपर्यंत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ऑरिन भावाला बघायला आला. गुडघ्याची चौकशी दोन वाक्यांत उरकून तो मुद्द्यावर आला, की रांगेत एक माणूस कमी पडतोय, तेव्हा सू फॉल्स शहरातल्या चुलतभावाला बोलवावं लागेल, जरी तो चालताना अखंड बडबडतो.

आर्डिस कॉफी ओतत होती. ती म्हणाली, "मी येते."

"ये की," ऑरिन म्हणाला. "तीनच्या सुमाराला थर्मास घेऊन बांधावर ये."

"थर्मास घेऊन नाही. बंदूक घेऊन."

ऑरिनने लव्हर्नकडे पाहिलं. लव्हर्नने गुडघ्याकडे पाहिलं.

"मग जेवण कोण करणार?" ऑरिनने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आपण बिनतोड सवाल टाकलाय असं त्याला वाटतंय.

"लव्हर्न बसूनच असतो," आर्डिस म्हणाली. "बटाटे बसून सोलता येतात."

हे तिने का म्हटलं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. स्वयंपाकघराची खिडकी धान्याच्या कोठ्यांकडे उघडते. दर वर्षी बाराच्या ठोक्याला पाठीमागून मक्यातून बंदुकांचे आवाज यायचे आणि ती गाजरं चिरत उभी असायची. रात्री टेबलावर बारा जण दिवसभराच्या गोष्टी सांगायचे तेव्हाही ती उभीच, हातात भांडं घेऊन. एकसष्ट वर्षांची झाली होती. एवढंच.

मग तयारी सुरू झाली.

आधी वर्ग. बंदुकीच्या सुरक्षिततेचा वर्ग अग्निशमन दलाच्या शेडमध्ये भरायचा. तो असतो बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी. मोठ्यांना सक्ती नव्हती. आर्डिस म्हणाली, ज्या गोष्टीचा परवाना मिळतो ती शिकल्याशिवाय करू नये. वर्गातली अकराच्या अकरा पोरं तिच्याच बसमधली. सकाळी ज्यांना ती "खाली बस" म्हणायची त्यांच्या शेजारी ती संध्याकाळी लहान खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसली. शिकवणारा डॅरेल फिक्सडालही एके काळी तिच्याच बसमधला. सातवीत असताना खिडकीतून सफरचंद फेकलं म्हणून आर्डिसने त्याला महिनाभर पुढच्या सीटवर बसवलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने हजेरी घेतली, चष्मा पुसला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "मिसेस हॉफस्टॅड, तुम्ही पुढे येऊन बसा. इथे माझी नजर राहील."

तिथे ती शिकली की नर तेवढा मारायचा. नर कसा, तर तांब्यासारखा लाल, गळ्यात पांढरी पट्टी, शेपूट हातभर. मादी वाळल्या गवताच्या रंगाची, तिला हात लावायचा नाही. पक्षी उठला की ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, "कोंबडा" किंवा "कोंबडी", आणि कोंबडी ऐकलं की सगळ्या नळ्या खाली. परीक्षेत आर्डिस दुसरी आली. पहिली आलेली मुलगी पुढे आठवडाभर बसमध्ये चढताना तिच्याकडे जरा दयेने बघत होती.

नेमबाजीचं मात्र तसं नव्हतं. लव्हर्न अंगणात खुर्चीवर बसायचा, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि दोरी ओढून यंत्रातून मातीच्या तबकड्या आकाशात सोडायचा. पहिल्या दिवशी पंचवीस तबकड्या सुटल्या आणि पंचवीसच्या पंचवीस सुखरूप गवतात उतरल्या. लव्हर्नने त्या गोळा करायला लावून पुन्हा वापरल्या. त्याच्या बारा बोअरच्या बंदुकीने आर्डिसचा खांदा जांभळा केला, तेव्हा डॅरेलने आपल्या बायकोची हलकी वीस बोअरची दिली.

"तू तबकडीकडे बघतेस की माझ्याकडे?" लव्हर्नने एकदा विचारलं.

"तू सोडतोस कधी ते बघते."

"मी तुझ्या बसच्या आरशात नाहीये, आर्डिस. पुढे बघ."

तिसऱ्या आठवड्यात एक फुटली. दोघंही इतके चकित झाले की पुढची तबकडी सोडायला लव्हर्न विसरला.

शिकवणीची परतफेड रोज संध्याकाळी ओट्यापाशी व्हायची. लव्हर्न कुबडी टेकून उभा राहायचा आणि आर्डिस खुर्चीवर बसून हुकूम सोडायची. छत्तीस वर्षं त्याने सायीतला फेझंट खाल्ला होता. तो पिठात घोळवून आधी लोण्यात परततात, ही बातमी त्याला नवीन होती. पीठ किती, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, पुरेल इतकं. तो म्हणाला, मी तुला कधी म्हटलं का, की पुरेल इतकं पुढे नेम धर? मी सांगितलं, तीन फूट पुढे. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने पीठ मोजलं आणि कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावलं.

बूट नवे होते. ते मऊ पडावेत म्हणून ती बस चालवताना घालायची, आणि एका रविवारी चर्चमध्येही घालून गेली. लव्हर्नचं नारिंगी जाकीट तिच्यावर तंबूसारखं व्हायचं, म्हणून शिलाई मशीनवर बसून दोन्ही बाजूंनी आत घेतलं आणि खिसे खाली सरकवले. पायांना सवय हवी म्हणून सकाळी बसच्या आधी खडीच्या रस्त्यालगतच्या चरातून दोन मैल चालायची, बंदुकीऐवजी हातात झाडू आडवा धरून. तिसऱ्या दिवशी शेजारणीने लव्हर्नला फोन केला. आधी गुडघ्याची विचारपूस केली, मग हवेची, आणि मग हळूच विचारलं, की आर्डिस बरी आहे ना, कारण पहाटे ती झाडू घेऊन चरातून जाताना दिसते आणि मध्येच थांबून आकाशावर रोखते.

शेवटचा प्रश्न कुत्रीचा. टूली ही त्यांची काळी लॅब्रेडर. तिने लव्हर्नशिवाय कुणाबरोबर काम केलेलं नव्हतं. ऑरिनने पैजेवर सांगितलं होतं की बाईच्या हाकेला ती ढिम्म हलणार नाही. आर्डिसने चरात एकदा "टूली, माघारी" असं बसमधल्या आवाजात म्हटलं. टूली माघारी आलीच, शिवाय मागच्या शेतातली दोन वासरंही थबकली.

शनिवार उजाडला तो लख्ख आणि थंड. साडेअकराला शेताच्या दक्षिण टोकाला ट्रक लागले. आठ जणांनी चालायचं, चौघांनी पलीकडच्या टोकाला उभं राहून पक्ष्यांची वाट अडवायची. आठातले सहा आर्डिसच्या बसमधले. तिला नारिंगी टोपीत बघून कुणीही हसलं नाही, पण दोघातिघांना एकदम बुटाच्या नाड्या बांधायची गरज पडली. ऑरिनने तिला आपल्या डाव्या हाताला उभं केलं. म्हणाला, इथे तू नजरेखाली राहशील.

बारा वाजता रांग हलली. वाळलेला मका कानाशी खसखसत होता, टूलीचं शेपूट पुढे दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. शंभरएक पावलं गेली असतील. टूली एकदम वळली, आणि तिच्या नाकासमोरून काहीतरी फडफडाट करत सरळ वर उठलं.

आर्डिसला ते स्वच्छ दिसलं. गवताचा रंग, तोकडं शेपूट. आणि तिला हेही दिसलं की उजवीकडे ऑरिनची नळी वर चालली आहे.

"कोंबडी!"

रस्त्यावर धावत सुटलेल्या पोराला जो आवाज अठ्ठावीस वर्षं थोपवत होता, तो आवाज. सगळी रांग जागच्या जागी थांबली. सहा जणांनी नळ्या तर खाली घेतल्याच, दोघांनी टोप्याही काढल्या. पक्षी निवांतपणे शेताबाहेर निघून गेला.

ऑरिनने बंदूक खाली केली होती. तो आर्डिसकडे बघत नव्हता. थोडं पुढे गेल्यावर दुसरा उठला, उन्हात तांब्यासारखा चमकत, आणि ऑरिन पुटपुटल्यासारखा म्हणाला, "कोंबडा का?"

तो पक्षी दोघांच्या डोक्यावरून गेला. कुणीच बार टाकला नाही. तिने रांगेला थांबायची खूण केली आणि त्याच्याजवळ गेली.

"किती दिवस दिसत नाही तुला?"

"दिसतं. रंग जरा एकसारखे दिसतात."

"लव्हर्नला माहीत आहे?"

"तो ओरडायचा ना दर वेळी," ऑरिन म्हणाला. "मला कधी विचारावं लागलं नाही."

तिला राग आला, आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हींना वेळ नव्हता. सहा माणसं मक्यात उभी होती. तिने त्याच्याकडची काडतुसं मागून घेतली. त्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने दिली.

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी नेते. तोवर रांग तू चालव, बार मी टाकते. लोकांना सांगू, बंदूक अडकली."

"मोसम संपल्यावर जाऊ."

"सोमवारी, ऑरिन."

तो चालू लागला. रिकामी बंदूक खांद्यावर टाकून तो रांगेला वळवत होता, कुणाला मागे घेत होता, कुणाला पुढे काढत होता, आणि ते त्याला इतकं सहज जमत होतं की कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. आर्डिसने पुढचे दोन कोंबडे साफ चुकवले. पहिल्याच्या वेळी ती बंदुकीचा सेफ्टीचा खटका काढायला विसरली. दुसऱ्याच्या वेळी काढली, पण तो इतका देखणा होता की ती बघतच राहिली.

तिसरा शेताच्या टोकाला, पाणकणसांच्या काठाशी उठला. डावीकडून उजवीकडे. तीन फूट पुढे, असं लव्हर्न मनात म्हणाला, आणि तिने चाप ओढला. पक्षी हवेतच दुमडला आणि पडला. टूलीने तो आणून तिच्या हातात दिला. हजारो फेझंट तिच्या हातून गेले होते, सगळे गार. हा उबदार होता. अंगठ्याने तिने त्याच्या गळ्याची पांढरी पट्टी सारखी केली. काय वाटतंय ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने तो खिशात ठेवला आणि नाक शिंकरलं.

घरी लव्हर्नने गेल्या वर्षीचे गोठवलेले पक्षी सायीत शिजवले होते. बटाट्यांत मीठ नव्हतं, पाव खालून काळे होते, पण फेझंट असा उतरला होता की सगळ्यांनी तो दुसऱ्यांदा वाढून घेतला. आर्डिस मोजे घालून खुर्चीत बसली होती. दोनदा ती सवयीने उठली आणि दोन्ही वेळा लव्हर्नने कुबडीने खुर्ची दाखवली.

डॅरेल पलीकडे उभ्या असलेल्या चौघांत होता. तो म्हणाला, "मिसेस हॉफस्टॅड, तुमचा कोंबडा किती लांब होता?"

तिने मागून पावलं टाकून मोजलं होतं. बावीस.

"असेल चाळीस पावलं," ती म्हणाली.

ऑरिनने घास गिळला. "पंचेचाळीस," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलं."

लव्हर्नचा हात रश्शाच्या भांड्यावर थांबला. त्याने भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि पुढचं वाढू लागला. त्या रात्री ऑरिनच्या डोळ्यांवरून त्याच्याशी आर्डिस काय बोलली ते त्या दोघांनाच माहीत, पण नंतरचे दोन दिवस ती त्याच्याशी फक्त मिठाबद्दल बोलत होती.

सोमवारी मुलांना शाळेत सोडून तिने ऑरिनला डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाले, दोन्ही डोळ्यांत. नाताळापूर्वी एक काढला, नंतर दुसरा. पट्टी सोडल्यावर ऑरिन आर्डिसला म्हणाला की तुझे केस पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी लव्हर्नचा गुडघा पूर्ण बरा होता, पण शनिवारी सकाळी त्याने स्वतःच एप्रन बांधला. म्हणाला, बटाट्यांचं अजून जमलेलं नाही. रांगेत आर्डिस त्यानंतर नऊ वर्षं चालली, ऑरिनच्या डाव्या हाताला, आणि एका चांगल्या वर्षी तिने एका दिवसात कायद्याने चालतात तेवढे, तीनच्या तीन कोंबडे मारले.