मुलीने शोधलं ते आणि मी सांगितलं ते

माझ्या मुलीने कॅन्सरवर औषध शोधलं, असं गोडादरा या आमच्या वस्तीतली माझ्या वयाची माणसं अजून सांगतात. काही जण पुढे असंही म्हणतात, की शोधलं, पण आपल्या माणसाला दिलं नाही. पहिलं खोटं आहे आणि दुसरं त्या खोट्यातून निघालेलं आहे. दोन्हींची सुरुवात माझ्या तोंडून झाली. मुलगी याबद्दल कधी बोलली नाही, म्हणून मी लिहितो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी उधन्याला लूमच्या एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, जकार्डवर होतो. साडीची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून ठेवलेली असते. भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उठतो आणि धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मोर, कैरी, वेलबुट्टी, सगळं एवढ्यावर निघतं.

मुलगी तेव्हा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करत होती. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने पिशवीतून काही गुळगुळीत कागद काढले. परदेशातल्या मासिकात तिचा लेख छापून आला होता आणि नावांच्या ओळीत तिचं नाव पहिलं होतं. मला इंग्रजी येत नाही, पण आमचं आडनाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिच्या मार्कशीटांवरून ठाऊक होतं. मी ते कागद साडीच्या पॅकिंगच्या पिशवीत घातले, बोटांचं तेल लागू नये म्हणून.

"पण यात लिहिलंय काय?" मी विचारलं.

ती लहानपणी माझा डबा घेऊन खात्यात यायची. तिने तिथलंच उदाहरण घेतलं. "आबा, शरीरातल्या प्रत्येक पेशीत पत्ते सारखेच असतात. कातडीची पेशी वेगळे धागे उचलते, जिभेची वेगळे. कुठला धागा कधी उठायचा, हे बिघडलं की गाठ होते."

"म्हणजे पत्ता फाटतो?"

"कधी कधी फाटतो. पण मी पाहिलेल्या काही गाठींत पत्ता चांगला होता. 'वाढ थांबव' सांगणारं भोक जागेवर होतं. त्यात काहीतरी बसलं होतं आणि सुई आत जात नव्हती."

"मळ?"

"मळच समजा. रसायनाचा."

मला हसू आलं. माझं निम्मं आयुष्य त्या मळाशी भांडण्यात गेलं होतं. नक्षी चुकते, शेठ ओरडतो, आणि बुजलेलं भोक शोधण्यात अर्धा दिवस जातो. सापडलं की सळई घातली, लूम चालू. आमच्या धंद्यात दोष सापडला की काम झालंच, सळई तर प्रत्येकाच्या खिशात. त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती. मी ऐकत नव्हतो, मनातल्या मनात सळई घालून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या लारीवर मी जाहीर केलं, "पोरीने कॅन्सरचं बुजलेलं भोक शोधलं. आता नुसती सळई घालायची."

"पोर डॉक्टर झाली का फिटर?" एकाने विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

आठवडाभरात सळईचं औषध झालं. मी कुणाला अडवलं नाही. शेठने पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली.

माझ्या शेजारच्या लूमवरचा गडी आमच्याच तालुक्यातला, माझा मित्र. गालात कायम तंबाखू. त्या गालात आत एक चट्टा उठला होता आणि भरत नव्हता. संक्रांतीच्या सुमारास सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला, आणि लवकर ऑपरेशन करा असं डॉक्टरने सांगितलं. तो माझ्याकडे आला.

"गाल कापायचं म्हणतो, भाऊ."

"थांब जरा. मी पोरीला विचारतो."

दर रविवारी बूथवरून मी तिला फोन करत होतो. हे सोडून सगळं विचारलं. ती नाही म्हणेल याची भीती होती. शेवटी त्यानेच माझी सुटका केली. "आखाजीले पोर येईच ना? मंग घाई कसाले?" आम्हा खान्देशी लोकांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येतेच. मी मान हलवली.

आखाजीला समाजाने मांडव घालून तिचा सत्कार ठेवला. माझा मित्र तोंडावर रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसला होता. अध्यक्ष म्हणाले, "कॅन्सरचं औषध शोधणारी आपली लेक!" तिने माझ्याकडे पाहिलं. मी शालीकडे पाहत राहिलो.

तिने माइक घेतला. "मी औषध शोधलेलं नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग सत्कार कशाचा?"

"मीही तेच विचारणार होते," ती म्हणाली. लोक हसले. मग तिने सांगितलं, की एक गोष्ट बंद पडलेली तिला दिसली आहे. ती उघडायची कशी ते तिला माहीत नाही, अजून कुणालाच माहीत नाही. लेखातही तिने तसंच लिहिलं आहे. ज्याला आज दुखणं आहे त्याने आजच डॉक्टरकडे जावं. तेव्हा मला मान वर करवत नव्हती. आज मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्याच भाषणाचा. हारतुरे गळ्यात असताना "माहीत नाही" म्हणणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

ती खाली उतरली तेव्हा मित्राने रुमाल सोडून तिला गाल दाखवला, डॉक्टर कापायचं म्हणतो असं सांगितलं.

"काका, डॉक्टरने कधी सांगितलं होतं?"

"संक्रांतीला."

"मग थांबलात कशासाठी?"

"तुझ्यासाठी, बेटा."

तिने मान वळवून मला शोधलं. मी त्याच्यासाठी पाणी आणतो म्हणून मांडवाबाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. माहेरपणाची सगळी रजा तिने तिथल्या बाकड्यावर काढली. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर गालावर भागलं असतं. आता जबड्याचं हाडही काढावं लागलं. मित्र वाचला, कामावर परतला. भाकरी वरणात भिजवून खायचा, आणि त्याचं बोलणं मलाच समजायचं. असा तो पुष्कळ वर्षं जगला.

वस्तीत मात्र बोललं जाऊ लागलं, की मुलीने वाट बघायला लावली आणि ऐनवेळी हात वर केले. मी ते ऐकायचो आणि गप्प बसायचो. ती आली की त्याच्या ओट्यावर बसून बॅटरीने त्याचं तोंड तपासायची. त्याची बायको तेवढ्यापुरती घरात निघून जायची.

मित्र आता नाही. मागच्या आखाजीला बायका अंगणात सतरंजीवर बसल्या होत्या. मुलगी आली तशी मित्राची बायको, आमच्या वहिनी, शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "हीच ती. हिच्या औषधाच्या भरवशावर माझ्या माणसाचा जबडा गेला."

मी काठी टेकत पुढे गेलो. "वहिनी, ती काही बोलली नव्हती. औषधाची आवई मी उठवली. तिला विचारतो म्हणालो आणि विचारलं नाही."

वहिनी म्हणाल्या, "माले माहीत व्हतं, भाऊ."

"मग एवढी वर्षं तिला का बोललात?"

"तुमच्या नळावर पाणी भरत होते मी. तुमच्याशी भांडून कुठे गेले असते? ती बाहेरगावची."

मग त्या जरा सरकल्या आणि मुलीला म्हणाल्या, "बस. तू शोधलं होतंस तरी काय, ते सांग."

मुलगी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. पुढे रक्ताच्या काही आजारांत अशी बंद भोकं उघडणारी औषधं आली, पण ती इतरांची, हेही तिने बजावलं. वहिनी मधून मधून प्रश्न विचारत होत्या, साधे नाही, चांगले अडचणीचे. एका प्रश्नाला मुलगी म्हणाली, "हे अजून कळलेलं नाही, काकू." मी शेजारी उभा होतो. बायका माझ्याकडे पाहत होत्या, मी काही सांगेन म्हणून. मी त्यांना तिच्याकडे बोट दाखवलं.