नवार किती लागेल?

माझ्या धाकट्या दिराने, शिवरामभावोजींनी, मला अठरा वर्षं फसवलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. पण मला हे कळलंच त्यांच्या तेराव्याला, मग आधी कधी लिहिणार?

बातमी आली तेव्हा मी महाडच्या बाजारात एका सुरणावरून भांडत होते. जावेचा, शेवंताचा फोन. "ताई, हे उठत नायत वो..." जेवून आडवे झालेले भावोजी तसेच राहिले होते. सुरण तिथेच टाकून मी पोलादपूरची गाडी पकडली. एवढ्या वर्षांत मी अर्ध्यावर सोडलेला तो पहिलाच सौदा.

भावोजी आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी वाडीत शेती करायचे आणि बाजा विणायचे. नवरा गेल्यावर मी बिरवाडीत कारखान्याच्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या, एकेक करून, कुणाचा हात न धरता. प्रत्येक खोलीत नवारीची बाज, कारण विणायला भावोजी होते. नवारीची ती रुंद सुती पट्टी किती लागेल हे टेप लावून कळत नाही. ती उभी जाते, आडवी जाते, कडेला वळसे घेते, आणि विणणाऱ्याचा हात जितका घट्ट तितकी कमी लागते. ते गणित भावोजींच्या बोटांत होतं. पण आकडा ऐकून गप्प बसणारी मी नव्हे.

"साठ मीटर आणा, वैनी."

"साठ? बाज विणताय की धरण बांधताय? चोपन्न."

"नाय बसायची."

"बसवा."

"मग भाडेकरूला पाय दुमडून झोपायला सांगा!"

असं म्हणत ते चोपन्नातच विणायचे, आणि शेवटी हातभर नवार उरायची. मग मी गावभर सांगत फिरायचे, की दिराला वळण लावलं म्हणून, नाहीतर ह्याने दुकानं रिकामी केली असती. एकदा ते तापातून उठलेले, मला दया आली. म्हटलं, बरं, साठ आणते. भावोजी घाबरलेच. "वैनी, तब्येत बरी हाय ना तुमची?" त्या खेपेला उरलेल्या नवारीत त्यांनी मला एक स्टूल विणून दिलं आणि म्हणाले, दुकानदाराने चुकून जास्त मोजली वाटतं. दुकानदार मला फसला, या आनंदात मी आठवडाभर होते...

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी त्यांच्या पडवीत गेले. दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने त्यांचं अक्षर दिसलं. 'लागते ५४, वैनीला ६०.' त्याखाली 'लागते ४८, वैनीला ५३.' माझ्या खोल्यांतल्या सगळ्या बाजा तिथे आकड्यांत ओळीने उभ्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

"शेवंता, हे काय गो?"

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, तर हसत होती. "ते म्हणायचे, वैनीला जिंकल्याबिगर झोप नाय लागत. म्हून आधीच चढवून सांगायचं." मग मलाही हसू आवरेना. जेवायला आलेली माणसं बघतच राहिली, तेराव्याच्या दिवशी दोघी जावा दाराला धरून हसतायत!

शेवटची ओळ मात्र वेगळी होती, माझ्या स्वतःच्या बाजेची. "भाडेकरूंना झोपवलंत, आता स्वतः आडव्या व्हा," असं म्हणत त्यांनी यंदा फणसाच्या लाकडाची चौकट माझ्यासाठी करून ठेवली होती. नेहमीपेक्षा रुंद, नात शेजारी मावेल एवढी. विणकाम शेवंताही शिकली आहे, ती तयार आहे. ओळीत एवढंच लिहिलंय: 'वैनीची बाज, ७२.' ना 'लागते', ना 'वैनीला'.

बहात्तर आणली की काम होईल, हे मलाही कळतं. पण दोनदा दुकानाच्या पायरीवरून परत आले. आकडा खरा असेल, तर माझ्याच बाजेला त्यांनी मला भांडू दिलं नाही. चढवलेला असेल, तर मी भांडायचं कुणाशी? चौकट तशीच उभी आहे, आणि शेवंता रोज फोन करून विचारते, "ताई, आणली का?"

म्हणून इथे, चारचौघांत विचारते. भावोजी, सौदा अर्ध्यावर टाकून उठायची ही कुठली रीत? मी सहासष्ट म्हणतेय... बोला.