नंबर लागेल, बाई

शेलूबाजारच्या फाट्यावर मी नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो त्या सकाळी मला निरोप द्यायला दोनच माणसं आली होती: वडील आणि माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे 'बाई' म्हणतो. पत्नी संघमित्रा नर्स म्हणून सहा महिने आधीच इंग्लंडला गेली होती, आणि मी तिच्या व्हिसाच्या आधाराने तिच्या मागोमाग निघालो होतो. बाईने चार दिवस पुरेल एवढा ठेचा बांधून दिला होता. गाडी दिसल्यावर वडील एवढंच म्हणाले, "कोठीबी जाय, आपल्या नंबरानं उभा राह्य. वशिला लावू नोको."

त्यांच्या तरुणपणी आमच्या वस्तीतला माणूस दवाखान्यात सर्वांत आधी पोहोचला तरी सर्वांत शेवटी तपासला जाई. रांग असे, पण ती चेहरे पाहून पुढेमागे सरकत असे. आजोबांनी धम्म स्वीकारला होता; दवाखान्याच्या पायरीला ते कुणी कळवलं नव्हतं. म्हणून वडिलांच्या लेखी 'नंबर' म्हणजे केवळ आकडा नव्हता. जिच्यासमोर सरपंच आणि सालदार सारखेच, अशी ती एकमेव गोष्ट होती.

इंग्लंडमध्ये ती गोष्ट मला प्रत्यक्ष दिसली. पहिल्या हिवाळ्यात ताप आला तेव्हा मी तिथल्या दवाखान्यात जाऊन बसलो. माझ्या आधी एक सूटबूटवाला गृहस्थ आला होता, माझ्यानंतर एक गोरी म्हातारी. आधी तो गेला, मग मी, मग ती. कुणी आडनाव विचारून भुवई उंचावली नाही. डॉक्टरांना वाटलं, माझे डोळे तापाने पाणावले आहेत.

ही व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या नावावर एक डॉक्टर असतो, त्याला जीपी म्हणतात. गरज वाटली तर तो रुग्णालयाला पत्र लिहितो. पत्राला प्रतीक्षायादीत जागा मिळते, आणि एके दिवशी रुग्णाला बोलावणं जातं. दारात पैसे कुणी मागत नाही. ते करातून आधीच कापलेले असतात. पुढे मला एका रुग्णालयाच्या त्याच प्रतीक्षायादीवर कारकुनाची नोकरी लागली. गेली अठरा वर्षं मी लोकांना आदबशीर भाषेत थांबायला सांगतो आहे. 'आपले नाव यादीत समाविष्ट करण्यात आले आहे.' 'अपरिहार्य कारणास्तव आपली तारीख पुढे ढकलण्यात येत आहे.' यादीतून नाव कमी होण्याची कारणं तीन: उपचार झाला, रुग्ण खासगीत गेला, रुग्ण गेला. आमच्या मासिक अहवालात तिन्हींचा रकाना एकच, आणि यादी लहान झाली की वरिष्ठ केक आणतात. मी तो केक खाल्ला आहे.

तरीही मला या यंत्रणेचा अभिमान होता. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत लोक तिला नावं ठेवत, सुट्टीत पुण्याला जाऊन तीन आठवड्यांत गुडघा बदलून येत आणि जिन्यावरून उतरून दाखवत. मी त्यांच्याकडे तुच्छतेने पाही. तुच्छता ही खालून वर आलेल्या माणसाला परवडणारी पहिली चैन असावी. गावाकडच्या सरकारी व्यवस्थेविषयी तर माझी तुच्छता आणखी पिकलेली होती. इमारत आहे, डॉक्टर नाही. डॉक्टर आहे, यंत्र नाही. यंत्र आलं, तर ते चालवणाऱ्याची बदली झाली. सगळं असलं तरी दारावर उभा असलेला 'ओळखीचा माणूस' मधूनच चार जणांना आत सोडणार. या रोगावर माझ्याकडे एकच औषध होतं: सर्वांनी रांग पाळावी.

तुम्ही जे तिथेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांपुढे मला हे औषध मी कुणाला पाजलं ते कबूल करायचं आहे.

बाई किन्हीराजा या गावात ब्लाऊज शिवते. तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो.

"भाऊ, दिव्याच्या भवताल रंग दिसून राह्यले. अन् डोक्शाची ही एक बाजू लय ठणकते."

"मोतीबिंदू असेल, बाई. वयाने येतो. सरकारी दवाखान्यात नाव नोंदव."

"नोंदवलं ना. डोयाचा डाक्टर मंगळवारी येते म्हनते. दोन मंगळवार जाऊन आली, आलाच नाई थो. जागाच खाली हाय म्हनते."

मागून तिच्या मुलाचा, सुमेधचा, आवाज आला. तो शेलूबाजारला जीप चालवतो. "मामा, मी इले अकोल्याले नेतो. वयखीचा डाक्टर हाय एक."

त्यावर मी जे व्याख्यान दिलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. खासगी डॉक्टर घाबरवून ऑपरेशन करतात. ओळखीने आत शिरणं म्हणजे आपल्यापेक्षा गरीब बाईचा नंबर खाणं. आपल्यासारख्यांनीच रांग मोडली तर मग वडील कशासाठी उन्हात उभे राहिले? मी हळू बोलतो, म्हणून माझं बोलणं लोकांना शहाणपणाचं वाटतं. शेवटी म्हणालो, "थांब. नंबर लागेल, बाई."

"थांबतो मंग," ती म्हणाली. "तू दवाखान्यातच कामाले हायेस. तुले समजते."

मला समजत नव्हतं. मी डॉक्टर नव्हतो, नर्सही नव्हतो. पत्रांना तारखा देणारा माणूस होतो. घरात पंचवीस वर्षं अनुभव असलेली नर्स होती, आणि तिला विचारण्याची गरज मला वाटली नाही. संघमित्राला ही हकीकत दहा दिवसांनी, भाजी निवडताना, सहज कळली. तिच्या हातातली मेथी खाली पडली. "दिव्याभोवती रंग? आणि तुम्ही थांबायला सांगितलं?"

उशीर झाला होता. त्याच सकाळी बाईचा उजवा डोळा लालभडक झाला, उलट्या सुरू झाल्या, आणि सुमेधने मला न विचारता जीप अकोल्याला घातली. तो काचबिंदू होता. आतला दाब वाढत गेला होता. उजवा डोळा कायमचा गेला. डाव्यालाही तोच धोका आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर मी माझ्या टेबलाकडे प्रथमच नीट पाहिलं. आमच्याकडे जीपीचं पत्र आलं की एक अनुभवी नर्स ते आधी वाचते. दुखणारा लाल डोळा असेल तर तो माणूस त्याच दिवशी आत जातो. ती पत्रं दुसऱ्या खोलीत जातात. माझ्यापर्यंत फक्त थांबू शकणारे आजार येतात. त्यामुळे इतक्या वर्षांत माझी समजूत झाली होती की आजार हा थांबतोच. रांगेच्या आधी कुणीतरी माणसाला 'काय होतंय?' असं विचारतं, आणि त्या प्रश्नामुळेच रांगेला अर्थ असतो, हे रांगेच्या या पुजाऱ्याला माहीत नव्हतं. मी त्या व्यवस्थेतला सर्वांत निर्बुद्ध भाग तेवढा उचलला आणि धर्म म्हणून बहिणीला पाठवला.

गेल्या वर्षी सुट्टी काढून गावी गेलो. बाईने शिव्या दिल्या नाहीत, त्याने अधिकच कानकोंडा झालो. सुईत दोरा ओवायला ती आता सुनेला हाक मारते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डावं कानशील दाबत चुलीपुढून उठली. "भाऊ, इकडच्या डोयात बी तसंच होऊन राह्यलं."

अकोल्याचे डॉक्टर त्या आठवड्यात बाहेरगावी होते. सरकारी दवाखान्यात आता नेत्रतज्ज्ञ आला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या दारापुढे चाळीसेक माणसं होती आणि दुपारी तो निघून जाणार होता. माझा वर्गमित्र सदानंद तिथे कारकून आहे. मी त्याला फोन लावला.

"काहून बे," तो हसला, "इतके वर्स इंग्रजाच्या देशात राह्यला, अन् शेवटी सद्याच आठवला का?"

त्याने दारावरच्या शिपायाला खूण केली. मी बाईचा दंड धरून पुढे निघालो. बाकावरच्या लोकांच्या नजरा मी पाहिल्या नाहीत. त्या कशा असतात ते मला आमच्या घरातूनच ठाऊक होतं.

बाई मात्र मध्येच थांबली. बाकाच्या टोकाला एक म्हातारी पदराने डोळा दाबून वाकून बसली होती.

"मावशी, काय होऊन राह्यलं तुले?"

"डोकं फुटून राह्यलं, मा. सकायपासून पानी बी पोटात ठयरत नाई."

बाईने तिचा हात धरून तिला उठवलं. शिपाई म्हणाला, "ओ बाई, साहेबानं एकालेच सांगतलं."

"हे माही सासू व्हय," बाई म्हणाली. "सासूले बाहेर ठुतो का मी? तुही बायको ठुते का?"

बाक हसला. शिपायाने दार सोडलं. दोघी आत गेल्या; माझ्यापुढे मात्र त्याने दार पुन्हा लावलं, आणि मी बाहेर राहिलो.

म्हातारीला त्याच दिवशी दवाखान्याच्या गाडीतून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. बाईचा दाब औषधांनी उतरला. तिचा डावा डोळा आजतागायत शाबूत आहे. चाळीस माणसांतून उठवायचं कुणाला, हे तिथे कुठल्या नर्सने ठरवलं नाही, माझ्या वशिल्यानेही नाही. एका डोळ्याच्या बाईने विचारलं, एवढंच. घर कुठे, असं मला आता कुणी विचारलं तर गावाचं नाव पूर्वीसारखं पटकन ओठांवर येत नाही. जिथे मला थांबायला सांगण्याआधी कुणी माझ्याकडे वळून पाहील, तिथे ते असावं. आणि आजवर मी कुणाचंही घर नव्हतो.

बाहेर येऊन बाईने औषधाची चिठ्ठी माझ्या हातात दिली. "जाय, औशिदाच्या लाइनीत लाग. तुह्या आवडीचं काम."

मी जाऊन सर्वांच्या मागे उभा राहिलो. पुढे खांद्यावर टॉवेल टाकलेला माझ्याच वयाचा एक गृहस्थ भिंतीला टेकून उभा होता. मी म्हणालो, "भाऊ, काय होऊन राह्यलं तुमाले?"

तो दचकून वळला. मग सांगू लागला.