चाळीस एंजल आणि आईची चौकशी

माझ्या हातून आजवर एकही मासा लहानाचा मोठा झालेला नाही. तरीही नागपुरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात मला दीड वर्ष ‘ब्रीडर’ म्हणत असत.

ही ख्याती अर्थातच मीच पसरवली होती. नंदनवनातल्या आमच्या घरी एंजल माशांची एक जोडी आहे. ती अंडी घालायची, मी क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकायचो, पंचवीस अंगठे यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते आईबाप स्वतःच ती अंडी खाऊन टाकायचे. (हे फोटो मी टाकत नसे.) शेवटी माझ्या आईला राहवलं नाही. अंडी चिकटलेलं पान तिने कात्रीने कापलं आणि वेगळ्या टबात ठेवलं.

पिल्लं वाढू लागली, तसा घरातला एकेक टब नाहीसा होऊ लागला. आधी कपड्यांचा, मग भांड्यांचा. एका सकाळी माझी बायको वर्षा टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिली.

“अहो, आता मोठ्या बादलीतही मासे! मी आंघोळ कशात करू? तांब्यात?”

“रविवारपर्यंत थांब. क्लबचा लिलाव आहे. एकूण एक विकून टाकतो.”

“एकही परत आला ना, तर मी माहेरी जाते. तिथे बादल्या रिकाम्या आहेत!”

रविवारी वर्षा माझ्यासोबत निघाली, मासे खरंच विकले जातात की नाही ते डोळ्यांनी बघायला. आणि आई? ती ठेवणीतली साडी नेसून आधीच फाटकाशी उभी होती.

“आई, तू कुठे?”

“काहून? तीन महिने म्या सांभाळले, अन् पोचवाले तू एकटाच जाशीन का?”

“तिथे तांत्रिक बोलणं असतं गं. तू नुसती बसून राहा.”

“बसते ना. मले काय बोलाचं हाय?”

(हे वाक्य मी खरं मानलं. माझं वय एक्केचाळीस!)

लिलाव एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता. टेबलावर पाणी आणि हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांची रांग. आमच्या आठ पिशव्या, प्रत्येकीत पाच एंजल. बोली लागण्याआधी मासे वाढवणाऱ्याने माइकवर दोन शब्द बोलायचे, असा नियम. क्लबचे सेक्रेटरी ठवरे यांनी माझं नाव पुकारलं आणि मी घसा खाकरला. भाषण मी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

“पिल्लांच्या आहाराबाबत मी कधीच तडजोड करत नाही,” मी म्हणालो. “त्यांना मी निवडक जिवंत खाद्य देतो. बहुतेक बाहेरून मागवलेलं.”

“बाहेरून कायचं गा?” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. “शेजारच्या सुमनच्या कूलरमधल्या अळ्या होत्या त्या! चहाच्या गाळणीनं म्याच काढत होती रोज!”

“कोणत्या गाळणीने?” वर्षा किंचाळली.

हॉल खदखदून हसू लागला. मी सावरून घेतलं. “पाणी बदलण्याचं शास्त्र मात्र मी स्वतः...”

“एकदाच बदललं यानं!” आई आता उभीच राहिली. “नळाचं ताजं पाणी वतलं टबात, अन् वीस पोट्टे मेले बिचारे! तवापासून याले टबाले हात लावू नाई देत मी. पाणी दिवसभर उन्हात ठेवाचं, मंग टाकाचं. हे का कोणी सांगा लागते?”

ठवऱ्यांनी हळूच माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि आईला नेऊन दिला. लोकांनी वह्या उघडल्या! पुढची दहा मिनिटं आई बोलत होती, लोक लिहून घेत होते आणि मी आठ पिशव्यांच्या शेजारी नवव्या पिशवीसारखा उभा होतो.

मग बोली सुरू झाली. इतवारीत भांड्यांचं दुकान असलेल्या एका शेठजींनी सगळ्या पिशव्यांवर मिळून एकदम अशी बोली लावली, की बाकीच्यांनी हातच खाली घेतले. ठवरे म्हणाले, “एक... दोन...”

“थांबा!” आई म्हणाली. “भाऊ, तुमच्या टाकीत आणिक कोण राह्यते?”

“दोन ऑस्कर मासे हैत, माताजी. एकेक फुटाचे.”

“खातेत काय ते?”

“जे टाकलं ते!” शेठजी अभिमानाने म्हणाले.

आईने झटकन तीन पिशव्या उचलून छातीशी धरल्या.

“काकू, बोली लागली की माल त्यांचा,” ठवरे काकुळतीला आले. “नियम आहे.”

“माल कायचा गा? पोट्टे हाय ते! मी नाई देत.”

“आई, दे ना गं,” मी कुजबुजलो.

“आई, देऊन टाका हो,” वर्षाही म्हणाली. पण तिचं लक्ष पिशवीतल्या सगळ्यात छोट्या एंजलकडे गेलं आणि तिचा आवाज खाली आला. “पण... खरंच खातील का हो ते याला?”

झालं! शेठजी एकटे, समोर दोन बायका. बिचाऱ्यांनी दुकानात व्हिडिओ कॉल लावून टाकी दाखवली. अर्धा हॉल त्या फोनवर ओणवा झाला. आईने चष्मा वर केला.

“अगा बाप्पा! एवढे मोठे जीव अन् एवढुशी टाकी? वळाले तरी जागा हाय का त्यायले?”

शेठजींचा चेहरा उतरला. “लहान होते तेव्हा पोरांनी हट्ट करून आणले, माताजी. आता कोणी घेत नाही.”

“घेत नाई म्हंजे? आमच्या इथं आणून सोडा! टब रिकामेच होऊन राह्यले ना आता.”

आणि तिने तिन्ही पिशव्या शेठजींच्या हातात दिल्या. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्षाने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी ऑस्कर घेऊन टेम्पो आला. आज आमच्या बैठकीत सोफा नाही. त्या जागी माझ्या उंचीएवढी लांब टाकी आहे आणि तिच्यात दोन ऑस्कर ऐसपैस हिंडतात. वर्षा माहेरी गेली नाही. तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, ऑस्करांशी मात्र बोलायला लागली. ते तिच्या हातून खातात. मी जवळ गेलो की पाठ फिरवतात!

मागच्या महिन्यात पुन्हा लिलाव झाला. दारावरच्या यादीत आईचं नाव आधी छापलं होतं: ‘विमलताई, ब्रीडर. वर्षाताई, सहायक. सोबत एक जण.’

दारातल्या माणसाने यादी पाहिली, मला वरून खालपर्यंत पाहिलं. “ते एक जण तुम्हीच का?”

मी ताठ मानेने ‘हो’ म्हणालो आणि बॅजसाठी हात पुढे केला. त्याने माझ्या हातात दोन भरलेल्या बादल्या दिल्या.