आत्याबाईंची सकाळची गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. देवापुढं बसते, तरी दुसरंच काहीतरी बोलून उठते. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही — पण तोंडातून तर हे निघतच नाही. म्हणून तुझ्यापुढं मांडते. तू कोण, मला ठाऊक नाही. तेच बरं आहे.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणते. त्यांना बीपी आहे. सेलूच्या डॉक्टरांनी सकाळची एक गोळी दिली होती, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी. बरं वाटलं तरी बंद करायची नाही, असं त्यांनी मलाच बजावलं होतं. आत्याबाईंना वाचता येत नाही. गोळ्या माझ्या हाती.

गोळी घेतली की त्यांना सारखं उठावं लागायचं. गुडघे गेलेले, संडास अंगणाच्या टोकाला. दर वेळी मी धरून न्यायची, धरून आणायची. आणि बाहेर खुरपणीला निघालेल्या बायांचा टेम्पो उभा.

"अगं ए, सासूला पालखीत मिरवायलीस का? ऊन डोक्यावर आलं!"

सगळ्या हसायच्या. मीही हसायची. तोंडावर बोलायची हिंमत मला कधीच नव्हती. पण आतून — काय सांगू? थकले होते. झोपून उठलं तरी जात नाही, तसलं थकणं. पण थकत कोण नाही? टेम्पोतल्या बाया थकत नव्हत्या का?

सरकारी दवाखान्याकडून घरोघरी येणाऱ्या आशाताईंनी मला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या घरात पडून होत्या. त्याही पांढऱ्या. एका सकाळी मी बीपीची ठेवून दिली आणि त्यातली एक आत्याबाईंच्या हातावर टेकवली. चुकून नाही. बघून, विचार करून.

"ही मोठी दिसायली गं."

"दुसऱ्या कंपनीची हाय, आत्याबाई."

त्यांनी गिळली. त्या दिवशी सारखं उठावं लागलं नाही, बसून राहिल्या. मी वेळेवर टेम्पोत चढले. संध्याकाळी आले तर सगळं जिथल्या तिथं. मग दुसऱ्या दिवशीही तेच केलं — आणि मग खुरपणी संपेपर्यंत तेच.

एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलं नसतं.

खुरपणी संपली त्याच आठवड्यात तपासणीला गेलो, तर बीपी फार वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. गोळी रोज देता ना? त्या वेळी बोलायचं होतं. नाही देत, एवढे दोनच शब्द. ते रागावले असते, अजून काय झालं असतं? पण माझ्या आधी आत्याबाईच बोलल्या, "माजी सून एक दिस चुकवत न्हाई, साहेब. लेकीवानी करती."

मी मान हलवली.

मग या गोळीनं भागत नाही, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी जास्त जोराची दिली, सोबत आणखी एक. आणि मी घाबरून त्या दिवसापासून सगळ्या वेळेवर द्यायला लागले. कळतंय ना तुला? त्यांना जुनी गोळी पुरली असती. ती पोटात गेलीच नव्हती, हे फक्त मला माहीत होतं.

आठवड्याभरात त्या म्हणायला लागल्या, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते. मी म्हणाले, ऊन लय हाय, पडून राहा. दुसरं काय म्हणणार होते? खरं सांगितल्याशिवाय दवाखान्यात नेण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं नव्हतं.

एका सकाळी बाजेवरून उठल्या आणि तिथंच कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला नेलं, तर बीपी एकदम खाली गेलेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, ऑपरेशन केलं. आधीची गोळी रोज चालू होती ना, असं तेव्हाही मला विचारलं होतं. तेव्हाही मी मान हलवली.

आत्याबाई परत चालल्या नाहीत. जागेवरच असतात. त्यांचं सगळं मीच करते, आणि गावातल्या बाया आपल्या सुनांना माझं नाव सांगतात.

परवा नणंदबाई भेटायला आल्या होत्या. आईजवळ बसून रडल्या. आत्याबाई लेकीला म्हणाल्या, "रडू नको. चूक माजीच. घाई केली उठायची. तुज्या वयनीला किती तरास."

मी दोन हातांत चहाचे कप धरून दारात उभी होते. आत गेले. दोघींना चहा दिला.

त्यांनी घाई केली नव्हती.