फोटोची डावी बाजू

शहर मागे पडलं की रस्त्याच्या उजव्या हाताला एक माळ लागतो. त्याला आता तारेचं कुंपण आहे आणि फाटकाशेजारी एक मोठा फलक आहे. फलकावर धाविक पक्ष्याचा फोटो आहे. तांबूस छाती, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी पट्टी, काडीसारखे पांढुरके पाय आणि पायाशी मातीच्याच रंगाचं पिल्लू. फोटो मी काढलेला आहे. खाली कोपऱ्यात माझं नाव आहे. त्या रस्त्याने जाताना हल्ली मी गाडीचा वेग वाढवतो.

मूळ फोटोत डाव्या बाजूला एक चितकबरी बकरी आहे, तिच्यामागे आणखी काही बकऱ्या आहेत, आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई काठीवर हनुवटी टेकून उभी आहे. तो भाग मी कापून टाकला.

अमरावतीच्या राजापेठेत माझे गणिताचे क्लास आहेत. पक्ष्यांचा नाद मला उशिरा लागला. रक्तात साखर निघाली म्हणून सकाळी चालायला लागलो आणि चालता चालता या माळावर पोचलो. तिथे आमच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरबाई गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायच्या. त्यांनी मला धाविक दाखवला. तो जरा धावतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. मी पुढच्या महिन्यात कॅमेरा घेतला.

माळ म्हणजे ई-क्लासची जमीन, सरकारी चराईची. पण कुठल्याशा अहवालात तिला पडीक म्हटलं होतं, आणि तिथे सोलर प्रकल्प येणार असं एक दिवस कळलं.

"पडीक म्हटलं की संपलं, सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रिकाम्या जागेवर कोणी काहीही आणून ठेवतं. ती रिकामी नाही, एवढं आपण दाखवायचं."

आम्ही चार-पाच जण दर रविवारी पहाटे जायला लागलो. खोकड, ससे, माळटिटव्या, चंडोल, एकदा लांबून लांडगा. जे दिसेल त्याचा फोटो काढायचा, जागा आणि तारीख टाकून जमा करायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण काहीतरी उपयोगाचं करतोय असं वाटत होतं. क्लासमध्ये मी पोरांना त्याबद्दल फार सांगायचो.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत 'क्लीन फ्रेम' असा एक शब्द आहे. पक्षी हवा आणि त्याच्या मागची जमीन हवी. तारा नकोत, पिशव्या नकोत, माणूस तर नकोच. आमच्या माळावर हे अवघड होतं. बकऱ्यांनी जिथे गवत अगदी खाली आणलेलं असायचं तिथेच धाविक धावायचे. त्यामुळे बकरी कुठून तरी चौकटीत यायचीच. एखाद्या फोटोत नुसते कान, एखाद्यात शेपूट. रविवारी दुपारी जेवण झालं की मी कॉम्प्युटरवर बसून कान आणि शेपट्या कापायचो.

बकऱ्या त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईच्या. माळाला लागून असलेल्या गावात ती राहते. सासू होती तेव्हापासून तिच्या घरच्या बकऱ्या इथेच चरत आल्या होत्या.

"काहो पाखरंवाले सर," ती लांबूनच ओरडायची, "आज काय सापडलं?"

"धाविक."

"थेच ना, पयत राह्यते थे? थे तं मले रोजच दिसते. त्याच्यासाठी अमरावतीहून पेट्रोल जाळत येता?"

"मावशी, जरा बकऱ्या तिकडे घ्या ना. फोटो काढायचाय."

"मावशी म्हनते मले! केस पाहा सोताचे. माह्यापेक्षा पांढरे झाले."

पण जीभ टाळ्याला लावून ती एक आवाज काढायची आणि कळप बाजूला न्यायची. दर रविवारी आम्ही सांगायचो आणि ती सरकायची. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

एकदा तिने चितकबरीला कवेत धरलं आणि म्हणाली, "एक फोटो माहा काढा. माही लेक अकोल्याले असते, तिले पाठवतो."

मी काढला. "मोबाइलवर पाठवू?"

"माह्या मोबाइलमंदी बटनं हायेत, फोटो नाई. कागदावर द्या."

"पुढच्या रविवारी देतो," मी म्हणालो. पुढे कितीतरी रविवार मी तेच म्हणालो. शेवटी तिने विचारणं सोडून दिलं.

जिल्हाधिकारी कार्यालयात सुनावणी झाली तेव्हा आमचे फोटो पडद्यावर लावले. सगळे स्वच्छ. साहेबांनी विचारलं, "इथे लोकांचा, जनावरांचा वावर किती आहे?"

"फारसा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पडद्यावर दिसतंच आहे, साहेब," मी म्हणालो.

सोलर दुसरीकडे गेलं. आम्ही राजापेठेत पेढे वाटले, पेपरात बातमी आली. उन्हाळ्याच्या आत माळ पक्ष्यांसाठी राखीव झाला, त्याला कुंपण पडलं, फलक लागला, आणि माझ्या नावाच्या खाली मोठ्या अक्षरांत 'चराईस सक्त मनाई' असं लिहिलं गेलं. आपण मागितलं होतं त्याचाच हा पुढचा भाग आहे, हे मला फाटकापाशी उभं राहिल्यावर कळलं. तरी मी त्या फलकासमोर आमच्या सगळ्यांचा फोटो काढला.

ती माझ्या क्लासवर आली ती त्यानंतर. पोरं गणित सोडवत होती. दारात चपला काढून ती उभी राहिली. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, थे फोटो पायजे होते," ती म्हणाली. "तहसीलात म्हनतात, आधीपासून चारत होती त्याचा पुरावा आन, मंग एका बाजूनं चाराचा पास देऊ. माह्याजवळ काय पुरावा हाये? बकऱ्या हायेत. बकऱ्या काय सही करतात?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"तुमच्या फोटोत मी गंज खेपा असन ना. तारीख बी असते म्हनते त्याच्यावर."

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. तोंडातून निघालं, "कॉम्प्युटर बिघडला हो. सगळे फोटो गेले."

"सगळेच?"

"सगळेच."

"पाखरांचे बी?"

माझ्या मागच्या भिंतीवर धाविकचा तोच फोटो मोठा करून लावलेला होता. ती माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे बघत होती.

"हे तं राह्यलं," ती म्हणाली.

"हा आधीच छापला होता."

ती आत आली, फोटोच्या डाव्या कडेशी गेली आणि भिंतीच्या चुन्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं मी उभी होती त्या दिवशी." मग माझ्याकडे वळली. "बरं, शिकवा पोट्ट्यायले." चपला घालून ती जिना उतरली.

फोटो घरी डिस्कवर होते, एकूण एक. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या काही दुष्ट नाहीत. त्यांनी त्या माळासाठी माझ्याहून जास्त केलं आहे.

"मूळ फोटो बाहेर गेले, तर सोलरवाले म्हणतील यांनी रेकॉर्डच खोटं दिलं," त्या म्हणाल्या. "सगळा माळ जाईल. मग तिच्या बकऱ्यांना तरी कुठे मिळणार? विचार करा, सर."

मी विचार केला आणि मला ते पटलं. आजही त्यातलं काही खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. पण मी गप्प बसलो तो माळासाठी बसलो, असं म्हटलं तर ते दुसरं खोटं होईल. फलकावर माझं नाव होतं. मला ते तिथे राहायला हवं होतं.

तहसीलच्या सुनावणीला माहितगार म्हणून मलाही बोलावलं होतं. नायब तहसीलदारांनी तिला विचारलं, "पुरावा आहे काही?"

"हे बसले ना सर, यायलेच इचारा. दर इतवारी मले पाह्यत होते."

"बाई, जरा जपून बोला," शेजारचा कारकून बाबू म्हणाला आणि खोलीत हशा पिकला. तीही हसली. तिला खात्री होती.

"सर, तुम्ही यांना तिथे बकऱ्या चारताना पाहिलंय?"

"तिथे कोणी कोणी येत-जात असायचं," मी म्हणालो. "नक्की आठवत नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. रस्त्यात एखाद्याला ओळखीचा समजून हाक मारावी आणि तो वळल्यावर भलताच निघावा, तसं तिचं झालं. तिने पदर सावरला आणि खाली बघत राहिली. तिचा अर्ज नामंजूर झाला.

हिवाळ्यात आम्ही परवानगी घेऊन माळावर गेलो. गवत कमरेला लागत होतं. पायमोज्यांत कुसळं घुसली होती. धाविक कुठेच नव्हते. "येतील, वेळ लागतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. दुपारी घरी कॉम्प्युटरवर बसलो तर कापायला काही नव्हतं. प्रत्येक फ्रेममध्ये गवत होतं, कडेपासून कडेपर्यंत.

त्या दिवशी मी जुने फोटो उघडले. ती जवळपास प्रत्येक रविवारी होती. कुठे पाठमोरी, कुठे अर्धी, कुठे आमच्यासाठी कळप हाकताना. आणि चितकबरीला कवेत घेतलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. मी सगळे छापून घेतले, तारखांसकट, आणि तिच्या गावी गेलो.

अंगणात थोड्याच बकऱ्या बांधलेल्या होत्या, पुढ्यात बाभळीचा पाला. तिने फोटो मांडीवर घेतले आणि एकेक बघितले.

"ही पाहा चितकबरी," ती म्हणाली. "इकली तिले. चारा इकत घेऊन किती दिवस पोसाव?" मग म्हणाली, "सापडले म्हना फोटो."

"सापडले नाही. होतेच माझ्याकडे."

तिने हातातला फोटो खाली ठेवला.

"आन् तहसीलात? तवा आठवत नव्हतं तुमाले."

"आठवत होतं."

घरात कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. तिने चितकबरीचा फोटो बाजूला काढला, बाकीचे नीट जुळवले आणि माझ्या हातात परत दिले.

"हे तुमीच ठेवा. माह्या हातात पाह्यले तं म्हनतील, हे बाईनं कुठून आनले. तुमी चाला माह्यासंग, आन् तुमी दाखवा."

डॉक्टरबाईंना मी आधी सांगितलं. "सर, एवढ्या वर्षांचं तुम्ही मातीत घालताय," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तहसीलात तेच साहेब होते. मी टेबलावर फोटो मांडले.

"मागच्या वेळी तर तुम्हाला आठवत नव्हतं."

"आठवत होतं. खोटं बोललो."

"आणि कलेक्टर ऑफिसला दिले ते फोटो?"

"त्यातून बकऱ्या कापल्या होत्या. मीच कापल्या."

त्यांनी फोटो एका बाजूला सरकवले. "पासाचं बघू आम्ही. पण सोलरची फाईल यामुळे पुन्हा वर येऊ शकते. कल्पना आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. बाबूने कागद पुढे केला. जे बोललो ते मी लिहून दिलं आणि सही केली. ती सगळा वेळ भिंतीपाशी उभी होती. या वेळी कोणी हसलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली.

"एवढंच तं बोलाचं होतं तवा," ती म्हणाली.

मी गाडीची किल्ली काढली. "गावापर्यंत सोडतो."

"नोको. ऑटो हाये."

रस्त्याच्या कडेला ऑटो भरायची वाट बघत होता. ती आत सरकून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. त्या पिशवीत चितकबरीचा तो फोटो होता की अकोल्याला केव्हाच गेला होता, हे मी विचारलं नाही.