मुक्ताच्या आपा

नसरीनआपा घरात आल्या की आधी लेकराशी बोलायच्या. आपण खुर्ची पुढं करावी, पाणी द्यावं, त्या मात्र पदर सावरून सरळ फरशीवर बसणार आणि विचारणार, "आज काय खेळलीस गं?" मोठ्यांची पाळी नंतर. त्या आमच्या बेंबळीला आरोग्य केंद्रात नर्स होत्या. गावातल्या बायकांना त्यांचं फार कौतुक. मला मात्र त्यांचा हेवा वाटायचा, आणि तो उगाच नव्हता.

माझी मुक्ता तेव्हा पहिलीत होती. तिचं पोट सारखं दुखायचं, चेहरा पांढरा पडला होता, काल गिरवलेली अक्षरं ती आज विसरायची. मी तिला तुळजापूरच्या डॉक्टरकडे नेलं, जंताचं औषध दिलं, दृष्टही काढली. कुठं दुखतं विचारलं की ती तोंड फिरवून बसायची.

आपा पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी शिलाई मशीनवर होते. अंगणात दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मग मुक्ता परसात पळाली आणि एक पत्र्याची डबी आणून तिनं आपांच्या मांडीवर उघडली. आत करड्या, चकचकीत चकत्या होत्या. माझे यजमान दत्ताराव परसात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. सांडलेलं शिसं थिजून त्या झाल्या होत्या. मुक्ता त्यांनी ठिकरी खेळायची आणि लंगडी घालताना एखादी तोंडात धरायची. हे सगळं तिनं आपांना सांगितलं. जन्म दिलेल्या मला ती डबी ठाऊक नव्हती.

"आईला का दाखवली नाहीस?" मी विचारलं.

"तू रागावतीस," ती म्हणाली.

आपांनी माझ्याकडे न बघता डबी मिटली. मला वाईट वाटू नये म्हणूनच त्यांनी बघितलं नसणार, आणि मला तेच जास्त लागलं.

त्यांनी आम्हाला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. रक्तात शिसं निघालं, तेही बरंच. मी रडायला लागले. आपा माझा हात धरून बसल्या, पण गोड काही बोलल्या नाहीत. "ताई, शिशापासून लांब ठेवलं की रक्तातलं कमी व्हईल. पण झालेलं नुकसान सगळं भरून येईल, असं खोटं म्या सांगणार न्हाय."

परसातल्या धुरावरून मी यजमानांशी वर्षानुवर्षं भांडत होते. आपांनी मात्र आधी ते काम त्यांना कुणी शिकवलं ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "दादा, धंदा सोडा म्हणायला म्या आले न्हाय. फोडणं तेवढं सोडा." त्याच आठवड्यात शिसं वितळवायची कढई चुलीवरून उतरली. त्या दिवशी रागारागात मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

आपांना एक घर सुधारून भागणार नव्हतं. त्यांनी शाळेच्या ओसरीवर सरपंच, हेडमास्तर, दवाखान्यातले डॉक्टर आणि धाराशिवचे एक बॅटरीवाले यांना एकत्र बसवलं. जुन्या बॅटऱ्या न फोडता तशाच बॅटरीवाल्यांकडे द्यायच्या, त्यांनी त्या सरकारमान्य कारखान्यात पाठवायच्या, आणि गोळा करण्याचं काम आमच्या यजमानांनी करायचं, असं ठरलं. ग्रामपंचायतीने आमच्या परसातली माती काढून नेली. शाळेत सगळ्या पोरांचं रक्त तपासलं, तेव्हा आणखी काही घरं सापडली.

मुक्ता हळूहळू सुधारली. गणितात मात्र ती अजून अडखळते. तेव्हा मी केलेली पालेभाजी ती तशीच ठेवायची, आणि आपांनी सांगितलं की तीच भाजी मुकाट्याने खायची. आपांची बदली परंड्याकडे झाली तेव्हा सगळं गाव हळहळलं. मला मोकळं वाटलं.

पुढं एकदा आपांचा फोन आला. तिकडं सोनारीच्या बाजूला एका वस्तीवर असंच बॅटऱ्या फोडण्याचं काम चालायचं. तिथल्या माणसांशी दत्तादादांनी बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही तिघंही गेलो.

आपा एका अंगणात एका हडकुळ्या पोरीचे हात साबणाने धूत होत्या, आणि ती पोर त्यांना भराभर काहीतरी सांगत होती. मुक्ता पळत जाऊन त्यांना बिलगली. आपांनी हसून तिला जवळ घेतलं, पण त्यांचा कान त्या पोरीकडेच राहिला. मुक्ता थोडा वेळ थांबली आणि माझ्याजवळ परत आली.

दारात त्या पोरीची आई ओठ घट्ट मिटून उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"माझ्याशी एवढं कधी बोलत न्हाय ओ ती," ती हळूच म्हणाली.

"बोलेल. आधी आपांना ऐकू द्या," मी म्हणाले.

आता आपा रोज हिच्या अंगणात येणार होत्या. मला त्या बाईचा फार हेवा वाटला.